यंत्राचा लगाम कोणाच्या हाती? : कारखान्यातल्या नियंत्रणाची गोष्ट



वाल्डॉर्फ हे नाव लोकांना दोन कारणांनी माहीत असते. एक म्हणजे इथे १७६३ साली जन्मलेला जॉन जेकब अ‍ॅस्टर. हा गृहस्थ अमेरिकेत जाऊन गडगंज झाला आणि त्याच्या गावाचे नाव पुढे न्यूयॉर्कच्या हॉटेलाला आणि तिथल्या सॅलडला चिकटले. दुसरे कारण अर्थातच सॅप. आपल्यातले बरेच जण ह्या दुसऱ्या कारणाच्या बोटाला धरूनच जर्मनीत आलेत, त्यामुळे त्याबद्दल नव्याने काय सांगायचे! पण या गावाचा आणखी एका इतिहासाशी जवळचा संबंध आहे आणि तो आपण आयटीवाले सहसा वाचत नाही. कारखान्यातले यंत्र कोणी चालवायचे, कुठे बसून चालवायचे, आणि त्याला हुकूम देणारा मेंदू कुठे ठेवायचा, याचा हा इतिहास. माझी पदवी इन्स्ट्रुमेंटेशनची, पोटापाण्याचा धंदा मात्र सॉफ्टवेअरचा. त्यामुळे या दोन जगांमधल्या उंबरठ्यावर बसून मला जे दिसते ते लिहितो आहे. लेख थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईत कापड गिरणी काढली आणि १८५६ साली ती सुरू झाली. त्या काळच्या गिरणीची रचना डोळ्यासमोर आणा. एक मोठे वाफेचे इंजिन, त्याने फिरणारे छताखालचे लांबलचक दांडे, आणि दांड्यावरून खाली प्रत्येक यंत्राला आलेला चामड्याचा पट्टा. इंजिनाच्या वेगावर लक्ष ठेवायला गव्हर्नर असे, म्हणजे गरगर फिरणारे दोन गोळे. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आपोआप आवळली जाई. जेम्स वॅटने १७८८ मध्ये इंजिनाला ही जोड दिली होती. बाकी सगळे नियंत्रण माणसाच्या हातात, कानात आणि नाकात. धागा तुटला हे दिसायला कामगार शेजारी हवा, बेअरिंग तापले हे कळायला फिटरचे नाक हवे. नियंत्रण यंत्राच्या अगदी शेजारी बसलेले होते. यंत्र आणि त्याला हाकणारा यांच्यात अंतर म्हणून नव्हतेच. पुढची सगळी गोष्ट म्हणजे हे अंतर कसे वाढत गेले याची गोष्ट आहे.

अंतर पहिल्यांदा वाढवले ते हवेने. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात रसायनांचे आणि तेलाचे कारखाने इतके मोठे झाले की प्रत्येक झडपेपाशी माणूस उभा करणे परवडेना. मग दाबाखालची हवा बारीक नळ्यांतून खेळवून निरोप पाठवायची पद्धत रुळली. टाकीतली पातळी किती, तापमान किती, हे हवेच्या दाबात मोजायचे आणि नळीवाटे नियंत्रण कक्षात आणायचे. दाबाचे माप ठरले ३ ते १५ पौंड दर चौरस इंच. इथे एक फार सुंदर युक्ती आहे बरं का. शून्याचा निरोप शून्य दाबाने पाठवत नाहीत, ३ पौंडाने पाठवतात. का? तर नळी फुटली तर दाब शून्यावर येतो. तेव्हा 'टाकी रिकामी आहे' आणि 'मला काही कळतच नाहीये' या दोन गोष्टी वेगळ्या ओळखू येतात. पुढे हवेच्या जागी वीज आली तेव्हाही हाच शहाणपणा टिकला. आजही जगभरच्या कारखान्यांत ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह वापरतात, त्यातला ४ म्हणजे शून्य. तार तुटली की प्रवाह खरोखरच शून्य होतो आणि लगेच कळते.

झडपांचेही तसेच. हवा गेली तर झडपेतली स्प्रिंग तिला एका ठरलेल्या जागी नेऊन ठेवते. बॉयलरच्या इंधनाची झडप बंद होते, थंड पाण्याची झडप उघडते. म्हणजे निरोप आला नाही तर काय करायचे, हे आधीच लोखंडात लिहून ठेवलेले असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४० च्या आसपास पीआयडी नियंत्रक बाजारात आले. १९४२ मध्ये झीग्लर आणि निकोल्स यांनी त्यांची जुळवणी कशी करायची याचे नियम छापले (इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना तोंडी परीक्षेचा घाम आठवला असेल! :-)). १९५० च्या दशकापर्यंत मोठ्या कारखान्यात एक लांबलचक पॅनेल असलेला नियंत्रण कक्ष ही नेहमीची गोष्ट झाली. भिंतभर गोल तबकड्या, कागदावर रेघ ओढणारी पेनं, आणि समोर उभा ऑपरेटर. तो यंत्रापासून लांब गेला होता, पण प्रत्येक तबकडीमागे स्वतंत्र नियंत्रक होता. एक बिघडला तर एकच बिघडे.

मग आला संगणक. १९५९ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या पोर्ट आर्थर इथे टेक्सॅकोच्या रिफायनरीत आरडब्ल्यू-३०० नावाचा संगणक चालू प्रक्रियेला जोडला गेला. तो झडपा स्वतः हलवत नव्हता, फक्त नियंत्रकांना लक्ष्य नेमून देत होता. थोडक्यात सांगायचे तर साहेबाची भूमिका, कामगाराची नव्हे. पण १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये पुढची उडी मारली गेली. आयसीआय या कंपनीच्या फ्लीटवुड इथल्या सोडा अ‍ॅशच्या कारखान्यात फेरांटी कंपनीच्या आर्गस संगणकाने मधले नियंत्रक काढूनच टाकले. २२४ मोजमापे तो थेट वाचत होता आणि १२९ झडपा थेट हलवत होता. पॅनेलची भिंत गेली, तारा एका पेटीत आल्या. पैसे वाचले, बदल करणे सोपे झाले. पण एक नवीन भीती जन्माला आली. पूर्वी एक तबकडी बिघडायची, आता एकच पेटी बिघडली की सगळा कारखाना आंधळा. त्या काळचे संगणक आजच्यासारखे वर्षानुवर्षे न थांबता चालणारे नव्हते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी संगणकाशेजारी जुने नियंत्रकही राखीव ठेवावे लागत.

आयसीआयचे नाव लक्षात ठेवा, ती परत भेटणार आहे.

मोटारींच्या कारखान्यात प्रश्न वेगळा होता. तिथे प्रवाही पदार्थ नाहीत, तिथे 'हे झाले की ते कर' असा क्रम असतो. हा क्रम रिले नावाच्या विद्युतचुंबकी खटक्यांनी बांधलेला असे. कपाटेच्या कपाटे भरून रिले! गाडीचे मॉडेल बदलले की ती कपाटे नव्याने जोडावी लागत, नाहीतर भंगारात जात. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने याला पर्याय मागितला आणि १९६९ मध्ये डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोडिकॉन ०८४ आला. नावातले ८४ म्हणजे त्यांच्या कंपनीचा चौऱ्याऐंशिवा प्रकल्प. हाच आपला पीएलसी. त्याचे खरे यश यंत्रात नव्हते, भाषेत होते. त्याचा प्रोग्राम रिलेच्या नकाशासारखाच शिडीच्या आकारात काढता येत असे, म्हणून शॉपफ्लोअरवरच्या इलेक्ट्रिशियनला तो वाचता आला. नवीन तंत्रज्ञान आणताना जुन्या माणसाचे ज्ञान फेकून न देता त्यालाच नवे हत्यार द्यायचे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. जर्मनीत सीमेन्सने सिमॅटिक हे नाव १९५८ मध्येच नोंदवले होते. त्यात आधी ट्रान्झिस्टरच्या तारांनी जोडलेले तर्क होते. प्रोग्राम करता येणारे एस३ १९७३ मध्ये, एस५ १९७९ मध्ये आणि एस७ १९९० च्या दशकाच्या मध्याला आले.

रसायनांच्या कारखान्यांतल्या 'एकच पेटी' च्या भीतीवर उत्तर मिळाले १९७५ मध्ये. हनीवेलने टीडीसी २००० आणि जपानच्या योकोगावाने सेंटम अशा दोन प्रणाली त्याच वर्षी बाजारात आणल्या. मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाले होते, मग एक मोठा मेंदू कशाला? छोटे छोटे मेंदू कारखानाभर वाटून टाका आणि त्यांना एका तारेने जोडा. टीडीसी २००० चा एक नियंत्रक जास्तीत जास्त आठ लूप सांभाळे. म्हणजे तो बंद पडला तर नुकसान आठांचेच. यालाच वितरित नियंत्रण प्रणाली, डीसीएस म्हणतात. पडदा एका खोलीत, पण विचार करणारे डोके पसरलेले. पुण्यात हडपसरला १९८० च्या दशकाच्या अखेरीस टाटा हनीवेल उभी राहिली (२००४ मध्ये टाटा बाहेर पडले आणि ती हनीवेल ऑटोमेशन इंडिया झाली). आपल्या पिढीतल्या कितीतरी इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांची पहिली नोकरी किंवा निदान पहिला इंटरव्ह्यू तिथेच झाला.

आता वाल्डॉर्फकडे येऊ. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी सॅप सुरू केली हे सगळ्यांना पाठ आहे. त्यांचे पहिले गिऱ्हाईक कोण? आयसीआयचा नायलॉनचा कारखाना, तोही इथून दक्षिणेला थोड्याच अंतरावरच्या ओस्ट्रिंगेन गावात! ज्या कंपनीने दहा वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये झडपा संगणकाच्या हाती दिल्या, त्याच कंपनीच्या जर्मन शाखेत आता माल आणि हिशेब संगणकाच्या हाती गेले. सॅपकडे तेव्हा स्वतःचा संगणकही नव्हता. गिऱ्हाइकाच्या संगणकावर रात्री आणि शनिवार-रविवारी काम चाले. स्वतःचे यंत्र त्यांनी १९७९ मध्ये घेतले. मुख्यालय वाइनहाइमहून वाल्डॉर्फला आले १९७७ मध्ये.

त्याच १९७७ मध्ये इथल्या स्टेशनशेजारी असलेल्या हायडेलबर्ग छपाईयंत्रांच्या कंपनीने सीपीसी नावाची यंत्रणा जगापुढे मांडली. तोपर्यंत छपाईवाला यंत्रावर वाकून एकेक स्क्रू पिळत शाईचे प्रमाण ठरवायचा. आता तो काम एका टेबलापाशी उभा राहून बटणांनी करू लागला. पुण्या-मुंबईतल्या छापखान्यांत 'हायडेलबर्ग' हे यंत्राचेच नाव झाले होते, तेच हे हायडेलबर्ग. म्हणजे एकाच छोट्या गावाच्या परिसरात, एकाच वर्षी, एकीकडे कारागीर यंत्रापासून चार पावले मागे सरकला आणि दुसरीकडे कारखान्याचा हिशेब चार पावले पुढे आला.

गंमत पाहा, सॅपच्या आर/१, आर/२, आर/३ मधला 'आर' म्हणजे रिअल टाइम. पंचकार्डांचा गठ्ठा रात्रभर चालवण्याऐवजी टर्मिनलवर टाकलेली नोंद लगेच दिसणे, असा त्याचा अर्थ. नियंत्रणवाल्यांच्या भाषेत मात्र रिअल टाइम म्हणजे 'लवकर' नव्हे, 'वेळेवर'. दहा मिलिसेकंदांत उत्तर यायलाच हवे, अकराव्या मिलिसेकंदाला आलेले बरोबर उत्तरही चूकच. हिशेबात उशीर झाला तर माणूस चहा पिऊन येतो. प्रेसखाली हात असताना उशीर झाला तर हात जातो. शब्द एकच, पण दोन जमातींच्या त्याबद्दलच्या कल्पना इतक्या वेगळ्या आहेत. माझ्या मते आजचे निम्मे गोंधळ इथूनच निघतात.

या दोन जमाती एकत्र आल्या त्या एका मनोऱ्यात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात थिओडोर विल्यम्स यांच्या गटाने १९९० च्या सुमारास कारखान्याची मजल्यांची रचना मांडली आणि पुढे २००० पासून तिच्या आधारे आयएसए-९५ हे मानक आले. तळाला प्रत्यक्ष प्रक्रिया, त्यावर मोजमापे आणि झडपा, त्यावर पीएलसी, डीसीएस आणि पडदे, त्यावर उत्पादनाचे व्यवस्थापन, आणि सर्वात वर कचेरी, म्हणजे आपले ईआरपी. खाली मिलिसेकंद, वर महिने. मजल्यांमधली बोलणी सोपी व्हावी म्हणून प्रत्येकाने आपापली भाषा आणली. फील्डबसच्या भांडणात तर शेवटी आंतरराष्ट्रीय मानकाने एक भाषा निवडण्याऐवजी आठ वेगवेगळ्या भाषांना एकाच पुस्तकात जागा दिली. आपल्याकडे साहित्य संमेलनातसुद्धा इतकी तडजोड होत नाही! १९९६ मध्ये ओपीसी आले आणि विंडोजचा संगणक नियंत्रण कक्षात मुरला. सॅपनेही खालच्या मजल्याकडे हात लांबवला. २००५ मध्ये लाइटहॅमर आणि २००८ मध्ये व्हिजिप्राइज या कंपन्या घेतल्या, त्या शॉपफ्लोअरशी जोडण्यासाठीच.

आणि मग २०१० च्या जूनमध्ये स्टक्सनेट उघडकीला आले. इराणमधल्या नतान्झच्या सेंट्रिफ्यूज बिघडवण्यासाठी लिहिलेला हा किडा यूएसबी काड्यांवरून पसरला. म्हणजे इंटरनेटला न जोडलेल्या जागीही पोचू शकेल असा. सीमेन्सच्या स्टेप ७ या सॉफ्टवेअरमधून तो पीएलसीत शिरे, यंत्रांचा वेग बदले, आणि पडद्यावर मात्र सगळे आलबेल दाखवी. गिरणीतला फिटर बेअरिंगच्या वासावरून सांगायचा, इथे ऑपरेटरकडे फक्त पडदा होता आणि पडदाच खोटे बोलत होता. ३ पौंडाच्या शून्याचा शहाणपणा इथे हरला. तुटलेली नळी ओळखता येते, खोटे बोलणारी नाही.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, हानोव्हरच्या जत्रेत इंडस्ट्री ४.० ची घोषणा झाली. ती मांडणाऱ्या तिघांपैकी एक हेनिंग कागरमान, सॅपचे माजी प्रमुख. मनोरा मोडून सगळ्यांनी सगळ्यांशी बोलावे अशी कल्पना. सेन्सरने थेट क्लाउडशी, ऑर्डरने थेट यंत्राशी. इथून पन्नासेक किलोमीटरवर आउडीच्या बोलिंगर होफे कारखान्यात पीएलसीचे काम सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर करते. पीएलसीची पेटीच गायब! १९६२ ची एक पेटी, १९७५ चे विखुरलेले मेंदू आणि आता पुन्हा एका खोलीतले सर्व्हर. लंबक परत फिरला आहे. फरक इतकाच की एक सर्व्हर पडला तर दुसरा काम उचलेल अशी तजवीज आता करता येते.

याचा आपल्याशी काय संबंध? सांगतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनच्या कचेरीच्या नेटवर्कवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. पंप, झडपा यांना त्याने हात लावल्याचे आढळले नाही. तरीही कंपनीने खबरदारी म्हणून स्वतःच पाइपलाइन बंद केली आणि सुमारे पाच दिवस ती बंद राहिली. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. वरचा मजला आजारी पडला आणि खालच्याने काम थांबवले. याउलट मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अ‍ॅल्युमिनियमच्या कंपनीवर तसाच हल्ला झाला, तेव्हा त्यांनी खंडणी दिली नाही. बऱ्याच कारखान्यांत कागद, पेन आणि हातचे नियंत्रण यांवर काम चालू ठेवले. नुकसान प्रचंड झाले, पण काम चालले, कारण हाताने चालवणे माहीत असलेली माणसे अजून होती.

आणि आता घरचे उदाहरण. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहानंतर मुंबईची वीज गेली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या, ऐन कोविडमध्ये इस्पितळे जनरेटरवर गेली. कळवा-पडघे पट्ट्यातल्या उच्चदाब वाहिन्या एकामागून एक बाद झाल्या होत्या. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकन कंपनीने भारताच्या वीजयंत्रणेत चिनी गटाने शिरकाव केल्याचा अहवाल दिला. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. त्या वादात मुंबईकराचा खरा प्रश्न बाजूला पडला. मुंबईत फार वर्षांपासून आयलंडिंगची योजना आहे. बाहेरचे ग्रिड कोसळले तर शहराने स्वतःला तोडून घ्यायचे आणि आपल्याच वीजकेंद्रांवर बेटासारखे तगून राहायचे. त्या दिवशी शहराच्या आत चालू असलेली निर्मिती मागणीपुढे अपुरी पडली आणि शहराच्या मोठ्या भागासाठी हे बेट टिकले नाही. हल्ला असो की चूक, बेट टिकले असते तर कारणाचा वाद निवांत घालता आला असता.

मला या सगळ्या इतिहासातून एकच नियम दिसतो. मेंदू कुठेही न्या, वर न्या, क्लाउडमध्ये न्या, पण वरचा मजला नसताना खालच्या मजल्याला सुरक्षितपणे थांबता यायला हवे आणि शक्य तर चालता यायला हवे. जुन्या लोकांनी हे स्प्रिंगमध्ये आणि ३ पौंडात लिहून ठेवले होते. आपण आयटीवाले वरच्या मजल्यावर राहतो आणि आपल्याला हे कोणी शिकवत नाही. आपण 'सिस्टीम डाउन' म्हणतो तेव्हा तिकीट उघडतो. खाली त्याच वेळी एखाद्या रिअ‍ॅक्टरमध्ये काहीतरी तापत असते.

एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात मी पाहिले, नव्याकोऱ्या पडद्याशेजारी ऑपरेटरने हाताने लिहिलेली वही ठेवली होती. दर तासाला तो यंत्रापाशी जाऊन तबकडी वाचे आणि आकडा लिही. प्रोजेक्ट मॅनेजरला ती वही म्हणजे मागासलेपणा वाटला आणि ती बंद करण्याचा मुद्दा बैठकीच्या यादीत आला. मी ती वही ठेवायची बाजू घेतली. ती वही म्हणजे गिरणीतल्या फिटरच्या नाकाचा शेवटचा वंशज आहे. पडदा खोटे बोलू लागला तर ते ओळखणारी दुसरी साक्ष त्या खोलीत नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुम्हाला शॉपफ्लोअर थेट ईआरपीला जोडायला सांगितले, तर एक साधा प्रश्न विचारा: मधली तार तुटली तर खाली काय होईल? उत्तर 'तार तुटणारच नाही' असे आले, तर तो प्रकल्प अजून पूर्ण झालेला नाही असे खुशाल समजा.



वाल्डॉर्फहून, आपलाच एक इन्स्ट्रुमेंटेशनवाला